हेर, पहारेकरी आणि पुरावा

कलकत्त्याच्या इतिहासात मराठ्यांचे नाव एका खंदकाशी जोडले गेले आहे. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर सुरू झाल्या, तेव्हा १७४२ साली कलकत्त्याच्या रहिवाशांनी नबाब अलीवर्दीखानाची परवानगी मिळवून आपल्या वस्तीभोवती खंदक खणावयास घेतला. तो सात मैलांचा व्हावयाचा होता. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल खणून झाला. मराठे काही शहरापर्यंत आले नाहीत. भीती ओसरली आणि काम थांबले. पुढे १७५६ साली सिराजउद्दौल्याने कलकत्ता घेतले, त्या वेळी हा खंदक त्याला अडवू शकला नाही. १७९९ साली तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड नेण्यात आला. ‘मराठा डिच’ हे नाव तेवढे मागे राहिले.

या जुन्या हकीकतीत पहाऱ्याचा एक स्वभाव दिसून येतो. पहारा भीतीतून जन्मास येतो आणि भीती ज्या दिशेला बोट दाखवील तिकडे तोंड करून उभा राहतो. शत्रू खरोखर कोणत्या वाटेने येणार आहे, याचा शोध घेण्याइतका धीर भ्यालेल्या माणसापाशी क्वचितच असतो. आज आपल्या घरातील संगणकाभोवती आणि खिशातील फोनभोवती असेच खंदक खणले जात आहेत. ते खणणाऱ्यांत प्रामाणिक कारागीर आहेत, एकमेकांशी भांडणारे व्यापारी आहेत आणि निव्वळ भीती विकणारे ठकही आहेत. त्यांच्यातील खरा कोण व खोटा कोण हे ओळखावे कसे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. आणि त्याचे उत्तर शोधण्यास कोलकात्याइतके सोयीचे दुसरे शहर नाही, असे मला वाटते.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. संगणकाच्या मालकाला न कळत त्यात शिरून बसणारी, तो काय वाचतो, काय लिहितो, कोणाशी बोलतो याची टिपणे घेणारी आणि ती दूरच्या धन्याकडे पोहोचविणारी जी आज्ञावली, तिला ‘स्पायवेअर’ म्हणतात. व्हायरस आणि स्पायवेअर यांत फरक आहे. व्हायरस नासधूस करतो, म्हणून तो लवकर उघडकीस येतो. हेराचे हित याच्या उलट आहे. यजमानाचे घर सुरळीत चालावे, त्याला संशय येऊ नये, यातच त्याचा लाभ असतो. म्हणूनच हेर शोधून काढणे हे काम व्हायरस मारण्याहून नाजूक आहे.

ही विद्या यंत्राबरोबर जन्मली असे मात्र कोणी समजू नये. कोलकात्यात एल्गिन रोडवर सुभाषचंद्र बोस यांचे घर आहे. डिसेंबर १९४० मध्ये तुरुंगातून सुटून सुभाषबाबू तेथे राहावयास आले, तेव्हापासून साध्या वेशातील पोलीस त्या घराभोवती फिरत असत आणि घरात येणारी-जाणारी पत्रे टपालात तपासली जात. सुभाषबाबूंनी या पहाऱ्याचा बारकाईने अभ्यास केला होता, असे त्यांच्या पलायनाच्या तयारीवरून दिसते. त्यांनी एकांतवास पत्करल्याचे जाहीर केले, दाढी वाढविली, आणि जाण्यापूर्वी पुढील तारखा घातलेली पत्रे आपल्या हातांनी लिहून ठेवली. ती मागाहून एकेक करून टपालात पडावयाची होती. पत्रे उघडून वाचणाऱ्यास लेखक घरातच आहे असे वाटावे, हा हेतू. १६ जानेवारी १९४१ च्या रात्री पुतणे शिशिरकुमार यांनी त्यांना मोटारीतून बाहेर काढले आणि गोमो स्टेशनवर पोहोचविले. ते घरात नाहीत ही बातमी जगाला २६ जानेवारीस कळली. पाळतीच्या तंत्राचा एक मर्मभाग त्यात उघड झाला. हेर जे पाहतो तेवढेच त्याच्या धन्याला कळते. आणि हेराला काय दिसावे हे ज्याच्यावर पाळत आहे त्याने ठरविले, तर सारी यंत्रणा आंधळी होते.

या कथेचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. इंग्रज गेले, परंतु बोस कुटुंबावरील पाळत गेली नाही. गुप्तवार्ता खात्याचे जे कागद २०१५ साली प्रकाशात आले, त्यांवरून १९४८ पासून १९६८ पर्यंत, म्हणजे स्वतंत्र भारतातील वीस वर्षे, या कुटुंबाची पत्रे उघडली जात होती व त्यांच्या नकला ठेवल्या जात होत्या, असे दिसते. त्याच वर्षी १८ सप्टेंबर रोजी पश्चिम बंगाल सरकारने आपल्याकडील ६४ फायली खुल्या करून कोलकाता पोलिसांच्या संग्रहालयात ठेवल्या. मी स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे मला या घटनेची एक बाजू विशेष जाणवते. त्या पाळतीचे समर्थन करणे कठीण आहे. पण ती पाळत कागदावर होती. पत्र कोणत्या दिवशी उघडले, त्यात काय होते, नक्कल कोणाकडे गेली, याची नोंद कोणा कारकुनाने करून ठेवली होती. त्या नोंदीमुळेच जवळजवळ अर्ध्या शतकानंतर पाळत ठेवणारा जनतेपुढे जाब देण्यास उभा राहिला. जुना हेर दप्तर मागे ठेवीत असे. नवा हेर ते ठेवीत नाही. किंबहुना आपल्या खुणा पुसणे हा त्याच्या रचनेचाच एक भाग असतो. मग त्याच्याविरुद्ध पुरावा कोठून यावयाचा? स्पायवेअरशी चाललेल्या झगड्याचा इतिहास हा खरे पाहता या पुराव्याच्या शोधाचा इतिहास आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा पहिल्या शहरांत मुंबई, दिल्ली आणि मद्रास यांच्याबरोबर कलकत्ताही होते. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत जगभर फुकट आज्ञावल्यांचे पेव फुटले. गाणी ऐका, फायली उतरवून घ्या, पडद्यावर पोपट नाचवा. पैसा द्यावयाचा नाही. परंतु फुकट वस्तूचा खर्च कोणी तरी भरावाच लागतो. तो जाहिरातदार भरीत, आणि मोबदल्यात त्यांना ग्राहकाच्या आवडीनिवडी हव्या असत. म्हणून या आज्ञावल्यांच्या पोटात दुसरी एक छोटी आज्ञावली लपवून घरोघर पोहोचविली जाऊ लागली. २००० सालच्या सुमारास स्टीव्ह गिब्सन या अमेरिकन तंत्रज्ञास आपल्याच संगणकातून असे काही बाहेर जात असल्याचे आढळले. त्याने ‘ऑप्टआउट’ नावाची छोटी आज्ञावली लिहून ती लोकांस फुकट दिली. लावासॉफ्ट कंपनीचा ‘ॲड-अवेअर’ आणि जर्मनीतील पॅट्रिक कोला यांचा ‘स्पायबॉट’ ही त्याच काळातील नावे. पुढील काही वर्षांत जाणत्या माणसाच्या संगणकात या दोन्ही आज्ञावल्या असावयाच्याच, असा रिवाज पडला.

दोन्ही कशासाठी, असा प्रश्न येथे उद्भवतो. ही साधने काम कशी करीत ते पाहिले म्हणजे उत्तर मिळते. पोलीस ठाण्यात सराईत गुन्हेगारांच्या बोटांच्या ठशांची जशी नोंद असते, तशी प्रत्येक साधनाजवळ ज्ञात हेरांच्या खुणांची यादी असे. संगणकातील प्रत्येक फाईल त्या यादीशी ताडून पाहावयाची आणि जुळली की पकडावयाची. बोटांच्या ठशांचा उल्लेख आला म्हणून सांगतो, जगातील ठशांच्या पहिल्या कार्यालयांपैकी एक १८९७ साली कलकत्त्यातच निघाले आणि त्या ठशांच्या वर्गीकरणात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. या पद्धतीची मर्यादा उघड आहे. ज्याचा ठसा पूर्वी घेतलेला नाही तो गुन्हेगार सापडत नाही. एकाच्या यादीत जो हेर नसे तो दुसऱ्याच्या यादीत असे. म्हणून लोक दोन पहारेकरी ठेवीत. यादी कोणाची मोठी, ती रोज ताजी कोण करतो, यावर या साधनांची चढाओढ चाले, आणि तिचा लाभ ग्राहकास होई.

परंतु यादीत नाव घालणे म्हणजे कोणाला तरी जाहीरपणे हेर म्हणणे. आणि ज्याला हेर म्हटले तो गप्प बसत नाही. जाहिरातींचा धंदा करणाऱ्या गेटर कंपनीने आपल्या आज्ञावलीस स्पायवेअर म्हणणाऱ्या एका संकेतस्थळावर २००३ साली दावा लावला आणि तडजोडीत तो मजकूर काढावयास लावला. त्याच वर्षी स्पायवेअरविरोधी साधने बनविणाऱ्या काही कंपन्यांनी ‘कोस्ट’ नावाचा संघ स्थापन केला. हेर कोणास म्हणावे याची एकच व्याख्या सर्वांनी ठरवावी, हा स्तुत्य हेतू. पण त्या संघाने ‘वनएटी सोल्युशन्स’ या जाहिरात-कंपनीला सभासद करून घेतले. तिच्याच आज्ञावल्या अनेक पहारेकऱ्यांच्या यादीत होत्या! वेबरूट ही संस्थापक कंपनी संघातून बाहेर पडली आणि २००५ साली संघ मोडला. चोरालाच पहारेकऱ्यांच्या पंगतीत पाट मांडल्यावर दुसरे काय व्हावयाचे? त्यानंतर त्याच वर्षी निघालेल्या नव्या मंडळाने व्याख्येचा मसुदा लोकांपुढे ठेवला, आक्षेप मागविले, आणि मगच तो कायम केला. निकष उघडे ठेवले की निर्णयावर विश्वास बसतो, हे व्यापाऱ्यांना ठेच लागून कळले.

भांडण तेथे संपले नाही. पुढे हीच वनएटी कंपनी ‘झँगो’ हे नाव घेऊन कॅस्परस्की या साधनाच्या निर्मात्यावर कोर्टात गेली. २००९ साली अमेरिकेच्या नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने कॅस्परस्कीच्या बाजूने निकाल दिला. ग्राहकाच्या रक्षणासाठी एखादी आज्ञावली अडविणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे, असा त्याचा आशय. पण या ढालीचा दुसरा उपयोगही होऊ शकतो. पहारेकऱ्याने आपल्या प्रतिस्पर्धी पहारेकऱ्यालाच धोकेबाज ठरविले तर? २०१६ साली मालवेअरबाइट्स या साधनाने एनिग्मा कंपनीच्या ‘स्पायहंटर’ या दुसऱ्या साधनास नकोशा आज्ञावल्यांच्या यादीत घातले. एनिग्माने दावा केला की हे धंद्यातील वैरातून घडले. २०१९ साली त्याच अपील न्यायालयाने सांगितले, की प्रतिस्पर्ध्याला मारण्यासाठी केलेल्या अडवणुकीस ती ढाल उपयोगी पडणार नाही. २०२३ साली ते आणखी एक पाऊल पुढे गेले. ‘घातक’ आणि ‘धोका’ हे शब्द म्हणजे नुसते मत नव्हे. ते खरे की खोटे हे तपासून पाहता येते, असे त्याने म्हटले. या विशिष्ट भांडणात कोण खरे आणि कोण खोटे हा प्रश्न त्या निर्णयांनी मिटविला नाही. परंतु तत्त्व मोलाचे ठरले. पहारेकऱ्याने ‘चोर, चोर’ अशी आरोळी मारली की त्याने चोर दाखविलाही पाहिजे.

याच काळात बाजाराचे स्वरूपही पालटले. डिसेंबर २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘जायंट’ ही स्पायवेअरविरोधी साधन बनविणारी छोटी कंपनी विकत घेतली आणि तिचे काम आपल्या विंडोज प्रणालीच्या मालकांस फुकट देऊ केले. २००६ पासून ते ‘विंडोज डिफेंडर’ या नावाने ओळखले जाऊ लागले. घर बांधणारानेच दारावर पहारेकरी नेमून दिल्यावर बाहेरच्या पहारेकऱ्यांस पूर्वीसारखी मागणी राहिली नाही. नुसत्या ठशांवर विसंबण्याचे दिवसही सरले. आज्ञावलीचे वर्तन पाहून, म्हणजे ती न विचारता काय वाचते, कोठे काय पाठविते यावरून संशय घेण्याची रीत पुढे आली. माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट, इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्हज यांसारख्या स्वतंत्र संस्था या साधनांची नियमित परीक्षा घेऊन निकाल प्रसिद्ध करतात. पहारेकऱ्याचे प्रगतिपुस्तक चव्हाट्यावर लागते, ही सोय ग्राहकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

या स्पर्धेत महाराष्ट्राचेही नाव आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलाश काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर वगैरे यंत्रे दुरुस्त करण्याचे दुकान चालविले. संगणक दुरुस्तीस येऊ लागले तेव्हा त्यातील बरेचसे बिघाड यंत्राचे नसून व्हायरसचे असतात, असे त्यांना दिसून आले. धाकटे बंधू संजय हे संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी त्या व्हायरसांवर उतारे लिहिले. १९९३ साली निघालेल्या त्यांच्या छोट्या कंपनीतून ‘क्विक हील’ उभी राहिली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. दुकानदाराच्या या पहाऱ्यात एक गुण होता. गिऱ्हाईक समोर उभे असे. रोग दाखवावा लागे आणि तो बरा झालेलाही दाखवावा लागे. भारत सरकारने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू करून नागरिकांस संगणक साफ करण्याची साधने फुकट दिली, तेव्हा त्या कामी याच कंपनीचे साहाय्य झाले होते.

आता नाण्याची दुसरी बाजू. भीती खरी असली की खोटे औषध खपते. २००५ साली अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने ‘स्पायवेअर असॅसिन’ या साधनावर खटला भरला. ते निर्मळ संगणकातही हेर सापडल्याचे दाखवी आणि तो काढण्याचे पैसे मागे, असा आयोगाचा आरोप होता. २००८ साली ‘विनफिक्सर’ आदी नावांनी चाललेल्या अशाच धंद्यावर आयोगाने कारवाई केली. त्यात दहा लाखांहून अधिक ग्राहक फसले होते आणि २०१२ साली न्यायालयाने १६ कोटी ३० लाख डॉलरांचा हुकूमनामा दिला. या ठकांची युक्ती अशी, की त्यांनी खऱ्या पहारेकऱ्याचा पोशाख जसाच्या तसा चढविला. तीच ढाल, तोच लाल रंग, तीच धावणारी यादी. एका गोष्टीचे मात्र त्यांना सोंग आणता आले नाही. सापडलेला हेर कोणता, तो काय करतो आणि तो काढल्यावर काय बदलले, हे त्यांना सांगता येत नसे.

या फसवणुकीने पुढे टेलिफोन हाती घेतला, आणि येथे कोलकात्याचे नाव येते. २०१० साली ब्रिटनच्या ‘गार्डियन’ पत्राने असे उघडकीस आणले, की २००८ पासून इंग्रज घरांत जे फोन येत आहेत त्यांचा माग कोलकात्यातील फोनकेंद्रांपर्यंत जातो. पद्धत ठरलेली होती. दुपारच्या वेळी एखाद्या वृद्धेच्या घरी फोन वाजे. पलीकडचा तरुण सौजन्याने सांगे, ‘मी मायक्रोसॉफ्टतर्फे बोलत आहे; आपल्या संगणकातून आम्हांस धोक्याचे इशारे येत आहेत.’ मग तो तिला विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्युअर’ नावाची नोंदवही उघडावयास लावी. या वहीत संगणकाच्या बारीकसारीक अडचणी लिहिल्या जातात. निरोगी संगणकातही तेथे लाल खुणा असतातच. घरातील जमाखर्चाच्या वहीत खोडलेल्या ओळी दाखवून ‘घरात चोरी झाली’ असे सांगावे, तसला हा प्रकार. वृद्धा घाबरे. मग तो संगणकाचा ताबा दुरून मागून घेई आणि पैसे उकळी. ज्याला हेर म्हणून हाकलावयाचे, तो अशा रीतीने मालकाच्या अनुमतीनेच आत येऊन बसे.

ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अशा सहा टोळ्यांवर एकदम खटले भरले; त्यांतील बहुतेक भारतातून चालत होत्या. एकेका गिऱ्हाइकाकडून ४९ पासून ४५० डॉलरांपर्यंत रकमा घेतल्या जात आणि नामांकित अँटीव्हायरस कंपन्यांचीच नावे सांगितली जात. पुढील वर्षांत कोलकाता व विधाननगर पोलिसांनी अशा केंद्रांवर वेळोवेळी छापे घातले. सॉल्ट लेकच्या सेक्टर पाचमध्ये काचेच्या उंच इमारती आहेत. तेथे हजारो मुलेमुली जगाच्या घड्याळाप्रमाणे रात्री जागून प्रामाणिक काम करतात. त्याच शहरात, तेच इंग्रजी, तोच फोन आणि तेच सौजन्य वापरून दुसरा धंदाही चालला. ज्या शहराने बोटांचे ठसे ओळखण्याची विद्या जगाला दिली, त्याच शहरातून खोट्या ओळखीचे हे फोन निघावेत, याची खंत वाटते. त्या वृद्ध माणसांचे नुकसान पैशापुरते नाही. एकदा खोट्या पहारेकऱ्याने लुबाडले, की पुढे खरा पहारेकरी दाराशी आला तरी त्यास आत घेण्याचे धैर्य होत नाही.

येथवर हेर जाहिरातदाराचा होता आणि ठक बाजारातला. परंतु सर्वांत बलवान हेर राज्यसंस्थांसाठी घडविला गेला. इस्रायलच्या एनएसओ कंपनीची ‘पेगासस’ ही आज्ञावली फोनधारकाने काहीही न दाबता त्याच्या फोनात शिरू शकते; मग पत्रे, छायाचित्रे, ध्वनी, कॅमेरा सारेच तिच्या हाती. आपण ती सरकारी संस्थांनाच विकतो, असे कंपनी सांगते. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने सुमारे १,४०० फोनांवरील हल्ल्याबद्दल कंपनीवर दावा लावला. जुलै २०२१ मध्ये जगातील अनेक वृत्तपत्रांनी मिळून पेगाससविषयीची माहिती प्रसिद्ध केली. बंगालच्या त्या वर्षीच्या निवडणुकीत तृणमूल काँग्रेसचे सल्लागार असलेले प्रशांत किशोर यांच्या फोनात पेगाससच्या खुणा सापडल्याचे ॲम्नेस्टी संघटनेच्या प्रयोगशाळेने सांगितले. बेकायदा पाळत ठेवली गेल्याचा केंद्र सरकारने इन्कार केला.

या प्रयोगशाळेने पुरावा कसा मिळविला, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. कोणत्या कार्यक्रमाने किती माहिती पाठविली याच्या नोंदी आयफोन आपल्या आत ठेवीत असतो. पेगाससने आपले नाव एका वहीतून पुसले. पण त्याच नोंदीचा दुसरा तुकडा दुसऱ्या वहीत राहून गेला. खतावणीत आकडा आहे आणि रोजकीर्दीत तो दिवसच नाही, असे आढळले म्हणजे हिशेबतपासनीस जसा थबकतो, तसे हे झाले. खूण पुसण्याचा प्रयत्न हाच खूण ठरला. ॲम्नेस्टीने आपली तपासणीची रीत आणि साधन दोन्ही सर्वांना खुली केली, आणि टोरंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने ती रीत स्वतंत्रपणे तपासून योग्य ठरविली. बाजारात मिळणारे कोणतेही साधन जे करू शकले नाही ते येथे घडले, कारण तपासणाऱ्यांनी आपल्या शब्दावर विश्वास ठेवण्यास कोणालाच सांगितले नाही. त्यांनी पुरावा दाखविला आणि तो पडताळून पाहण्याची वाटही दाखविली.

या प्रकरणात कोलकात्याने प्रथम पाऊल टाकले. जुलै २०२१ मध्येच पश्चिम बंगाल सरकारने न्यायमूर्ती मदन लोकूर आणि न्यायमूर्ती ज्योतिर्मय भट्टाचार्य यांचा चौकशी आयोग नेमला. सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबरला आपली स्वतंत्र समिती नेमली, राष्ट्रीय सुरक्षेचे नाव उच्चारल्याने सरकारला प्रत्येक वेळी मोकळीक मिळणार नाही असे बजावले, आणि १७ डिसेंबरला बंगालच्या आयोगाच्या कामास स्थगिती दिली. समितीवर देखरेख न्यायमूर्ती रवींद्रन यांची होती. तिच्या तीन तंत्रज्ञांत मुंबईच्या आयआयटीचे अश्विन गुमास्ते होते. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले, की तपासलेल्या २९ फोनांपैकी ५ मध्ये काही घातक आज्ञावली आढळली, मात्र ती पेगाससच होती असे निश्चित म्हणता येत नाही; आणि सरकारने समितीस सहकार्य केले नाही. परदेशात प्रकरण पुढे गेले. मे २०२५ मध्ये अमेरिकन ज्यूरीने एनएसओला १६ कोटी डॉलरांहून अधिक दंड ठोठावला. ऑक्टोबरमध्ये न्यायाधीशांनी ती रक्कम पुष्कळच कमी केली; पण व्हॉट्सॲपवर पुन्हा हल्ला करण्यास कायमची मनाई केली.

राज्याला पाळत ठेवण्याचा अधिकारच नसावा, असे माझे म्हणणे नाही. कलकत्ता राजधानी असताना झालेल्या १८८५ च्या तार कायद्यात तो होता आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही तो आहे. राज्याला शत्रू असतात आणि त्यांच्यावर नजर ठेवावीच लागते. पण १९९६ साली टेलिफोनवरील पाळतीसंबंधी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने एक साधी अट घातली. हुकूम वरिष्ठ अधिकाऱ्याने लेखी द्यावा, त्याची मुदत असावी आणि समितीने तो पुन्हा तपासावा. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, तेव्हा या अटीस आणखी बळ आले. जो अधिकारी सही करतो, त्याला ती सही उद्या वाचली जाईल याची जाणीव असते. शासनव्यवहारात या जाणिवेइतका चांगला पहारेकरी मी पाहिलेला नाही.

म्हणून श्रोत्यांना एवढेच सांगावेसे वाटते. आपल्या फोनची प्रणाली वेळच्या वेळी अद्ययावत करावी. हेराच्या बऱ्याचशा वाटा तेवढ्यानेच बंद होतात. अनोळखी माणसाने फोन करून तुमच्या यंत्रात हेर असल्याचे सांगितले, तर तोच हेर समजावा. कारण कोणतीही प्रामाणिक कंपनी अशी घरोघर फोन करीत हिंडत नाही. साधन विकत घेतानाही त्याच्या जाहिरातीतील भीती मोजू नये. त्याची परीक्षा कोणी घेतली आणि निकाल काय लागला, ते पाहावे. पहारेकऱ्यांत स्पर्धा असणे चांगले, पण ती एकमेकांची कसोटी पाहणारी असली तरच.

एल्गिन रोडच्या घरावरील पाळतीची हकीकत आपल्याला कळली ती फायलींतून. आपल्या काळातील पाळतीची हकीकत पन्नास वर्षांनी कोणा अभ्यासकाला लिहावयाची झाली, तर त्याच्यापुढे कोणते दप्तर असेल? हेराने ते पुसलेले असेल. हुकूम देणाऱ्याने लेखी हुकूम ठेवला असेल आणि प्रामाणिक पहारेकऱ्याने आपले टिपण खुले ठेवले असेल, तरच त्याला काही वाचावयास मिळेल. त्या दप्तराची चिंता आजच वाहिली पाहिजे.